अभंगांचा डबा: आवाज झकास, पण शेवटचं कडवं गायब

सासूबाईंसाठी घेतलेल्या वस्तूचा रिव्ह्यू खरं तर त्यांनीच लिहायला हवा, पण त्या म्हणाल्या तू टाईप कर मी सांगते, तेव्हा हे दोघींचं मिळून आहे असं समजा. चिडचिड जिथे जास्त वाटेल ती त्यांची.

वस्तू म्हणजे तो अभंगांचा स्पीकर. आमच्या घरात त्याला डबाच म्हणतात. टिफिनएवढा, वर विठ्ठलाचा स्टिकर, समोर नंबरची बटणं, आत ५०१ अभंग आधीच भरलेले. आई मूळच्या हिंगोलीकडच्या, सासरे गेल्यावर आमच्याकडे घोडबंदर रोडला राहायला आल्या. चौदावा मजला, खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो तेवढंच काय ते त्यांच्या ओळखीचं, बाकी खाली मेट्रोचं काम आणि धूळ. आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडतो ते ट्रॅफिकच्या कृपेने रात्री आठलाच घरात. मोबाईलवर अभंग लावून दिले की मध्येच जाहिरात घुसते, कधी कर्जाची कधी रमीची. एकदा आई वैतागून म्हणाल्या, "देवाचं नाव चाललंय तर हा मेला मला लोन कामून विचारतो?" त्याच आठवड्यात मी डबा घ्यायचं ठरवलं.

ठाणे स्टेशनला वेस्टला उतरून गावदेवीच्या बाजूला ज्या गल्ल्या आहेत त्यातल्या एकात हे दुकान. नाव लिहीत नाही, पुढे तक्रार आहे म्हणून. पूजेचं सामान, टाळ, तुळशीच्या माळा, बुक्का, आणि मागच्या कपाटात कॅसेटच्या जमान्यातल्या न खपलेल्या कॅसेटी अजून तशाच. मालक काका बोलायला गोड. किंमत १६५० सांगितली, १५०० वर आले, वर एक गोपीचंदनाची कांडी फुकट दिली. डबा चालू करून दाखवा म्हटलं तर लगेच दाखवला, पण पहिली दोनच कडवी ऐकवली आणि मीही मान डोलवून पैसे दिले. इथेच चुकलं, ते पुढे येईलच.

आधी चांगलं सांगते. आवाज खरंच मस्त आहे. पखवाज नीट ऐकू येतो, टाळ कर्कश वाटत नाहीत, किचनमध्ये कुकरची शिट्टी चालू असली तरी शब्द कळतात. बॅटरी आमच्याकडे साधारण दोन दिवस जाते, रोज चारेक तास लावला तर. बटणं मोठी, अंधारात लाल आकडे दिसतात, चष्मा नसला तरी आईंना जमतं. सोबत एक पुस्तिका येते, त्यात नंबर शोधायचा, तो दाबायचा की अभंग सुरू. पेन ड्राईव्ह लागतो, रेडिओ लागतो. चार्जिंगची पिन मात्र जुनी बारीकवाली आहे, आताच्या मोबाईलचा चार्जर चालत नाही, ड्रॉवर उपसून जुना शोधावा लागला.

आणि चालू केल्यावर आधी एक बाई इंग्लिशमध्ये मोठ्याने काहीतरी मोड बोलते मग सनईसारखी धून वाजते, ती धून फुल व्हॉल्यूमवरच वाजते, तुम्ही आदल्या रात्री आवाज कितीही कमी करून ठेवा. आई पाच वाजता उठतात. पहिल्या दिवशी सगळा मजला पाच वाजता उठला. आता त्या डबा उशीखाली धरून चालू करतात.

हे सगळं चालवून घेतलं असतं. पण खरी भानगड झाली ती नामदेवांच्या फोल्डरवरून.

पाच फोल्डर आहेत, ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम आणि "इतर संत". आईंनी पहिल्याच दिवशी नामदेव उघडला, कारण नरसी त्यांच्याच जिल्ह्यातली. नरसी बामणी, आता नरसी नामदेव म्हणतात, कयाधू नदीच्या काठावर, आईंच्या माहेरचे लोक पिढ्यान्पिढ्या तिथल्या जत्रेला जातात. काही अभ्यासक नामदेवांचा जन्म पंढरपूरचा मानतात, पण हे आमच्या घरात बोलायचं नाही. तर त्यांनी पुस्तिकेत नामदेवांची माहिती काढली आणि मला हाक मारली, "अगं इकडं ये, हे काय छापलंय बघ." छापलं होतं, संत नामदेव, १६०८ ते १६५०. हे तर तुकोबांचं साल! नामदेवांचा जन्म १२७० चा, म्हणजे ३३८ वर्षांचा घोळ, आणि तो अशा पुस्तिकेत की जी विकतातच वारकरी लोकांना. तुकारामांच्या पानावर पण तेच साल आहे, म्हणजे कोणीतरी आळसाने कॉपी मारून नाव तेवढं बदललं, बाकी काही नाही.

यातला विनोद असा की नामदेव आणि तुकोबा यांची गाठ परंपरेत खरंच पडते, पण स्वप्नात. तुकोबांनीच अभंगात सांगितलंय की नामदेव पांडुरंगाला सोबत घेऊन स्वप्नात आले, आणि शंभर कोटी अभंगांचा जो संकल्प राहिला होता तो तू पुरा कर म्हणाले. मी आईंना म्हटलं छापणाऱ्याला तेच स्वप्न पडलं असेल. त्या हसल्या नाहीत.

मग अभंग ऐकायला लागल्या. नामदेव फोल्डरमध्ये पहिलाच "युगे अठ्ठावीस", तो बरोबर आहे, नामदेवांचीच आरती. गणपतीत आपण सगळे ओरडून म्हणतो पण शेवटच्या कडव्यापर्यंत निम्म्या लोकांचा आवाज बसलेला असतो आणि निम्मे प्रसादाकडे बघत असतात, त्यामुळे "केशवासी नामदेव भावे ओवाळिती" हे कोणाच्या कानातच जात नाही. मी लहानपणापासून नौपाड्यात ही आरती म्हणत आले, मलाही लग्नानंतर कळलं की यात कवीचं नाव आहे. आईंनीच दाखवलं. त्यांच्या भाषेत ती सही. कीर्तनकार नाममुद्रा म्हणतात. नामा म्हणे, तुका म्हणे, एका जनार्दनी, जनी म्हणे. पोथ्या उतरवून घेताना पानं मागेपुढे होणार, पाठ करताना शब्द इकडचे तिकडे होणार, म्हणून मालकाचं नाव आतच शिवून टाकायचं, आणि नामदेव तर जातीने शिंपीच.

पुढचा नंबर लावला तर "कानडा राजा पंढरीचा". आता हे गदिमांचं चित्रपटगीत, १९७० च्या आसपासचं, अभंग नाहीच. पण त्यात नाम्याची खीर चाखल्याचा उल्लेख आहे ना, बहुतेक भरणाऱ्या पोराने नाम्या ऐकलं आणि टाकलं नामदेवात. आईंना ते गाणं आवडतं, त्यामुळे त्यांनी माफ केलं. एक अभंग निघाला "विष्णुदास नामा" सहीचा. विष्णुदास नामा हा वेगळा कवी, एकनाथांच्या काळातला, पण यात मी डब्याला दोष देणार नाही, कारण नावं सारखी असल्यामुळे नामदेवांच्या छापील गाथ्यांतसुद्धा त्याच्या रचना मिसळल्यात, आणि त्या निवडायला चांगल्या चांगल्या अभ्यासकांची दमछाक झाली.

आणि मग आला नंबर ४७. "विठो माझा लेकुरवाळा". पुस्तिकेत कवी म्हणून संत नामदेव.

आई भाजी निवडत होत्या, मेथीची जुडी मांडीवर तशीच राहिली. त्यांचं म्हणणं, हा जनाबाईचा. मी म्हटलं असेल, पण कशावरून? तर म्हणाल्या सही ऐक ना शेवटी. ऐकायला बसलो. निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, पुढे ज्ञानेश्वर, मागे मुक्ताई, गोरा कुंभार मांडीवर, चोखा जिवाबरोबर, बंका कडेवर... आणि इथून आवाज बारीक होत होत बंद. पुढचा अभंग सुरू.

आम्हाला वाटलं बटण दाबलं गेलं. परत लावला, परत तिथेच. मग मी घड्याळ लावून बघितलं. या डब्यातला एकही ट्रॅक चार मिनिटांच्या वर जात नाही! जागा वाचवायला सगळे चार मिनिटांवर कापलेत, वर शेवटी आवाज हळूहळू बारीक केलाय म्हणजे कापलंय असं वाटू नये. आता अभंगाची सही असते कुठे, शेवटच्या कडव्यात. आणि गायक मंडळी पहिल्या ओळीवर आलाप घेत दोन मिनिटं घालवतात. त्यामुळे मोठ्या गायकीचा जो अभंग असेल त्याची सही हमखास गेली. आई म्हणाल्या, "म्हणजे पावती फाडली आणि सहीच्या जागी हात आखडला." सासरे जिल्हा बँकेत होते, त्यामुळे त्यांचे दाखले असे येतात.

पण ४७ नंबर जनाबाईचा हे त्यांनी सहीशिवाय पण सिद्ध करून दाखवलं, आणि तो भाग मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात भारी वाटला म्हणून लिहिते. कापलेल्या भागात पुढची ओळ आहे "नामा करांगुळी धरी". म्हणजे नामदेवाने विठ्ठलाची करंगळी धरलीये. आई म्हणाल्या नामदेव स्वतःच लिहित असता तर स्वतःला असं लांबून बघितलं असतं का? घरातलं लहान पोर करंगळीला धरून चाललंय, हे बघणारी घरातलीच दुसरी बाई लागते. आणि ती होतीच घरात. जनाबाई गंगाखेडची, लहानपणी बापाने नामदेवांच्या वडिलांकडे, दामाशेटींकडे आणून सोडली ती जन्मभर तिथेच राबली. दळण, कांडण, झाडलोट. स्वतःला म्हणवते नामयाची दासी. ती त्या अभंगात सगळ्यांना विठोबाच्या अंगाखांद्यावर बसवते, कोणाला मांडीवर, कोणाला कडेवर, आणि शेवटी "जनी म्हणे गोपाळा, करी भक्तांचा सोहळा" एवढं बोलून थांबते. स्वतःसाठी जागा ठेवलीच नाही, ना खांदा ना करंगळी. तिची जागा फक्त त्या "जनी म्हणे" मध्ये. आणि या लोकांनी नेमकं तेच कापलं आणि वर नामदेवांचं नाव लावलं.

मी हा अभंग शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचत केलाय हो. टाळ्या पण पडल्या होत्या. एवढं कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग काय, आठवडाभर जेवताना नामदेवच. आईंनी अशा काही गोष्टी सांगितल्या की डब्याचे पैसे तसेच वसूल झाले म्हणायचे. मडक्याची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, मुक्ताईच्या सांगण्यावरून गोरोबाकाका थापटण्याने सगळ्या संतांची डोकी ठोकून बघतात कोण पक्कं कोण कच्चं, आणि नामदेव चिडतात म्हणून ते कच्चं मडकं ठरतात. आपण ही गोष्ट तिथेच सोडतो. आई सोडत नाहीत कारण पुढचा भाग त्यांच्याकडचा. नामदेव रुसून पंढरीला जातात, विठ्ठल म्हणतो गुरू कर, आणि धाडतो औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे. बघतात तर म्हातारा पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. नामदेव म्हणतात पाय काढा, विसोबा म्हणतात मला जमत नाही तूच उचल आणि जिथे देव नाही तिथे ठेव. जिथे ठेवतील तिथे पिंडी. बास, मडकं भाजलं गेलं. त्याच औंढ्याची दुसरी कथा, कीर्तनाला मज्जाव झाला म्हणून नामदेव देवळाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच फिरलं, तिथे नंदी मागच्या बाजूला आहे तो त्यामुळे असं सांगतात. मी नंदी बघितलाय, मागेच आहे.

माझ्या मनात जास्त राहिलं ते चोखोबांचं. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू होतं, १३३८ साल, भिंत कोसळून मजूर दबले त्यात चोखामेळा. नामदेव तिकडे गेले, ढिगाऱ्यातली हाडं कोणाची कशी ओळखायची, तर कानाला लावून बघितली, ज्यातून विठ्ठल विठ्ठल आवाज आला ती चोख्याची. ती आणून पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी केली. ज्या माणसाला देवळात येऊ दिलं नाही त्याला दारासमोर कायमचं आणून बसवलं. आणि नामदेव स्वतः कुठे, तर त्याच दाराच्या पायरीत, १३५० साली, संतांचे पाय लागावेत म्हणून. आई वारीला गेल्या की आधी चोखोबा, मग नामदेव पायरी, मग कळस बघून हात जोडतात, आत रांग फार असली तर तेवढ्यावर परत. रांगेत उभं राहायला गुडघे साथ देत नाहीत आता.

डब्यात यातलं काहीच नाही. म्हणजे चरित्राचा एक ट्रॅक टाकला असता तर काय बिघडलं असतं? नामदेवांनी स्वतः ज्ञानेश्वरांचं चरित्र अभंगात लिहिलंय, आदि, तीर्थावळी आणि समाधी, आळंदीच्या १२९६ च्या समाधी सोहळ्याचं वर्णन आपण कीर्तनात ऐकतो ते तिथूनच आलंय. त्यातला एकही अभंग ५०१ मध्ये नाही. त्याऐवजी एकच "विठ्ठल विठ्ठल" गजर तीन वेगवेगळ्या नंबरांवर आहे, मोजून तीन, म्हणजे ५०१ पण खरे ४९९.

पंजाबचं तर नावच नाही. ज्ञानेश्वरांनंतर नामदेव उत्तरेत गेले, पंजाबात घुमान गावाला राहिले, त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहेत. २०१५ चं मराठी साहित्य संमेलन घुमानला झालं होतं ते आठवत असेल. आमच्या बाराव्या मजल्यावर एक सरदार कुटुंब आहे, त्यांच्या आजी एकदा लिफ्टमध्ये आईंच्या हातात डबा बघून थांबल्या, आईंनी स्टिकर दाखवत "नामदेव" एवढंच म्हटलं तर त्यांनी चटकन डोक्यावर पदर घेऊन "भगत नामदेव जी" म्हणत हात जोडले. आईंना हिंदी जेमतेम, त्यांना मराठी शून्य, तरी आता संध्याकाळी दोघी खाली बाकावर एकत्र बसलेल्या दिसतात. काय बोलतात देव जाणे. लिफ्टमधली ही ओळख डब्यामुळे झाली, म्हणून एक स्टार जास्त देतेय.

"इतर संत" या फोल्डरवर पण राग आहे. जनाबाई, चोखामेळा, सावता माळी, गोरा कुंभार, सेना न्हावी, कान्होपात्रा सगळे मिळून फक्त तीस अभंग. आणि "अवघा रंग एक झाला" च्या पुढे कवी कोण, तर "पारंपरिक". अहो तो सोयराबाईंचा आहे, चोखोबांच्या बायकोचा! त्यांनी सही केलीये "म्हणे चोखियाची महारी", सातशे वर्षांपूर्वी त्या बाईने जात लपवली नाही आणि आपण आता पारंपरिक म्हणून मोकळे.

मी डबा घेऊन परत दुकानात गेले. शनिवार, स्टेशन परिसर, रिक्षा मिळेना, बसने तासभर. काका म्हणाले सगळे असेच येतात मॅडम, कोणी शेवटपर्यंत ऐकत नाही. मी म्हटलं माझ्या सासूबाई ऐकतात. बिल दाखवा म्हणाले, बिल मी घेतलंच नव्हतं. बराच वेळ हो-नाही झाल्यावर बदलून दुसरा दिला, त्यातही तेच चार मिनिटं, म्हणजे पीस खराब नव्हता, मालच तसा. पैसे परत द्यायला तयार नाहीत. शेवटी एक तोडगा काढला, मी पुरे अभंग मिळतील तसे गोळा करून पेन ड्राईव्हवर टाकायचे आणि पेन ड्राईव्ह त्यांनी फुकट द्यायचा. दिला. छोटासा आहे पण दिला. काका माणूस वाईट नाही, त्यांनाही वरून जसं येतं तसं विकतात.

पेन ड्राईव्हवर आतापर्यंत साठेक अभंग झालेत, सगळे शेवटच्या कडव्यासकट, रविवारी आई यादी सांगतात मी शोधते. ४७ नंबर मात्र त्यांना डब्यातलाच आवडतो, त्या बाईचा आवाज गोड आहे म्हणून. बंका कडेवर आला आणि आवाज विझायला लागला की किचनमधून राहिलेलं कडवं आई म्हणतात, हातात लाटणं असेल तर ओट्यावर ताल धरून, मग पुढचं लागतं. माझा पाच वर्षांचा मुलगा समजतो की ते गाणं असंच आहे, अर्धं डब्याने म्हणायचं अर्धं आजीने. परवा बालवाडीत बाईंनी म्हणायला लावलं तर कडेवरपर्यंत म्हणून हा गप्प उभा. पुढे का म्हणत नाहीस, तर म्हणे पुढचं आजी म्हणते.

तर पाचपैकी तीन. दोन आवाजाला आणि बॅटरीला, एक लिफ्टसाठी. आईंनी पुस्तिकेला शून्य दिलंय आणि त्यातली सालं पेनाने दुरुस्त करून ठेवलीत.

घेणार असाल तर दुकानात उभं राहून एक मोठा अभंग पूर्ण ऐका, काका घाई करतील, करू दे. पहाटे लावायचा असेल तर उशी जवळ ठेवा. आणि बिल मागून घ्या, स्वतःहून देत नाहीत. मला दुसऱ्या खेपेला दिलं, घरी आल्यावर आईंनी चष्मा लावून पुढून मागून बघितलं आणि म्हणाल्या, "यावर पण सही नाही."